‘ढ’ कोण ठरवितो?

मराठी शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला एक शेरा अवघ्या एका अक्षराचा आहे : ‘ढ’. एखाद्या मुलाला गणित जमेना, शुद्धलेखन साधेना किंवा कविता पाठ होईना, कीं हें अक्षर त्याच्या कपाळीं बसलेंच. नेमकें हेंच अक्षर कां, याची एक मौजेची उपपत्ति सांगितली जाते. अशोकाच्या काळच्या ब्राह्मी लिपींतील अक्षरें दोन हजारांहून अधिक वर्षांत इतकीं पालटलीं कीं, त्यांतील बहुतेकांची ओळख आजच्या वाचकाला पटणार नाहीं. ‘ढ’ मात्र जवळजवळ होता तसाच राहिला. तेव्हां ज्याच्यांत कांहीं केल्या फरक पडत नाहीं तो ‘ढ’. व्युत्पत्ति म्हणून ही खरी असो वा नसो, त्या शेऱ्याचें मर्म मात्र तींत बरोबर सांपडतें. ‘याला अजून भागाकार येत नाहीं’ हें विधान आजच्यापुरतें असतें. ‘हा ढ आहे’ हें विधान मुलाच्या उद्यांवरहि हक्क सांगतें. असा हक्क सांगणारा शेरा मुलाचें केवळ वर्णन करतो, कीं हळूहळू मुलाला आपल्यासारखें घडवितो, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत भाषणांत करावयाचा आहे.

हा प्रश्न कोठें उभा राहतो, तें पाहण्यासाठीं दूर जावयास नको. अमरावती जिल्ह्यांतील मोर्शी हा तालुक्याचा गांव घ्यावा. उत्तरेस सातपुडा, पूर्वेस वर्धा नदी आणि भोंवतीं संत्र्यांच्या बागा. विदर्भांत उन्हाच्या कडाक्यामुळें शाळा जूनच्या उत्तरार्धांत उघडतात. त्या दिवशीं पहिलीच्या वर्गांत कचेरींतील कारकुनाची मुलगी येते, दुकानदाराचा मुलगा येतो, बागायतदाराचा नातू येतो. त्याच बागेंत संत्रीं तोडणाऱ्या मजुराचा मुलगा येतो, डोंगरपायथ्याच्या गोंड-कोरकू वस्तींतील मुलगी येते, आणि क्वचित् पारध्यांच्या बेड्यावरील एखादें मूलहि येतें. गुरुजींच्या डोळ्यांपुढें चाळीस अनोळखी चेहरे असतात आणि त्यांची ओळख लवकर करून घेणें भाग असतें. मग पायांतील चपला, वहीचें वेष्टन, बोलण्याची ढब, आडनांव आणि ‘याचा थोरला भाऊहि असाच होता’ ही आठवण, एवढ्या सामग्रीवर आठ-पंधरा दिवसांत मनांतल्या मनांत एक यादी तयार होते. यांत दुष्टावा नसतो. परंतु ही यादी पुढें वर्षभर काय काम करते, तें पाहण्यासारखें आहे.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनीं १९४८ सालीं एका निबंधांत या प्रश्नाचें सामान्य रूप मांडलें. एखादी पेढी सुस्थितींत असते. ती बुडणार अशी आवई उठते. ठेवीदार धांवत येऊन पैसे काढूं लागतात, आणि पेढी खरोखरच बुडते. आवई उठली तेव्हां ती खोटी होती; लोकांनीं तिच्यावर विश्वास ठेवला आणि त्या विश्वासाप्रमाणें ते वागले, म्हणून ती खरी ठरली. पुढें तीच माणसें म्हणतात कीं, आमचा अंदाज किती अचूक होता! शाळेंतील शेराहि याच जातीचा असतो काय, याची प्रत्यक्ष परीक्षा पाहण्याचा प्रसिद्ध प्रयत्न यानंतर सोळा वर्षांनीं झाला.

रॉबर्ट रोझेंथल हे मानसशास्त्रज्ञ आणि लेनोर जेकबसन या शाळेच्या मुख्याध्यापिका. या दोघांनीं कॅलिफोर्नियांतील एका प्राथमिक शाळेंत १९६४ सालीं मुलांची बुद्धिमापन चांचणी घेतली. शिक्षकांना सांगण्यांत आलें कीं, कोणतीं मुलें लवकरच झपाट्यानें पुढें येतील तें या चांचणीवरून कळतें. मग प्रत्येक वर्गांतील कांहीं मुलांचीं नांवें शिक्षकांस देण्यांत आलीं. हीं मुलें शाळेंतील एकंदर मुलांच्या सुमारें शेंकडा वीस होतीं. खरी गोष्ट अशी होती कीं, तीं नांवें चिठ्ठ्या टाकाव्यात तशीं निवडलेलीं होतीं. नांव असलेल्या आणि नसलेल्या मुलांत शिक्षकांच्या समजुतीखेरीज दुसरा भेद नव्हता. वर्षअखेर पुन्हां चांचणी घेतली, तेव्हां पहिल्या इयत्तेंत यादींतील मुलांची बुद्ध्यंकांतील वाढ इतरांहून सुमारें पंधरा गुणांनीं अधिक भरली. दुसऱ्या इयत्तेंत सुमारें दहा गुणांनीं. वरच्या इयत्तांत मात्र असा ठळक फरक दिसला नाहीं. विशेष म्हणजे पुढें विचारलें तेव्हां शिक्षकांना यादींतील नांवें नीटशीं आठवतहि नव्हतीं. या प्रयोगाचें पुस्तक १९६८ सालीं प्रसिद्ध झालें आणि त्याला त्यांनीं पिग्मॅलियनचें नांव दिलें. आपणच घडविलेल्या मूर्तीवर प्रेम करणारा, आणि अखेर ती मूर्ति सजीव झालेली पाहणारा हा प्राचीन कथेंतील शिल्पकार होय.

हा निष्कर्ष जगभर गाजला. परंतु तो तसाच्या तसा पदरांत घेणें योग्य होणार नाहीं. रॉबर्ट थॉर्नडाइक या परीक्षाशास्त्रज्ञांनीं त्याच वर्षीं दाखवून दिलें कीं, वापरलेली चांचणी इतक्या लहान मुलांच्या बाबतींत भरंवशाची नव्हती. पुढें अनेकांनीं तसेच प्रयोग केले. कांहींना परिणाम दिसला, कांहींना दिसला नाहीं. १९८४ सालीं स्टीफन रॉडेनबुश यांनीं अशा अठरा प्रयोगांची एकत्र छाननी केली, तेव्हां या विसंगतीचा उलगडा झाला. मुलें वर्गांत येऊन दोन आठवडेहि झाले नसतांना शिक्षकाच्या कानांत भाकित घातलें, तर त्याचा परिणाम होतो. शिक्षक मुलांना त्याहून अधिक दिवस ओळखूं लागल्यावर तेंच भाकित सांगितलें, तर तें फारसें रुजत नाहीं. ओळख झालेला शिक्षक डोळ्यांवर विश्वास ठेवतो. ओळख न झालेला कानांवर ठेवतो. २००५ सालीं ली जसिम आणि केंट हार्बर यांनीं पस्तीस वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेऊन सांगितलें कीं, शिक्षकांचे अंदाज बरेचदां बरोबरच असतात आणि अपेक्षेचा स्वतंत्र परिणाम सामान्यतः लहानच असतो. परंतु जीं मुलें आधींच समाजाच्या हिणकस शेऱ्याखालीं वावरतात, त्यांच्या बाबतींत तो पुष्कळ मोठा असूं शकतो.

या दोन निष्कर्षांतच या विषयाचें सार आहे. शिक्षकाच्या अपेक्षेंत जादू नाहीं. ‘तूं हुशार आहेस’ असें घोकल्यानें कोणी हुशार होत नाहीं. परंतु पहिल्या पंधरवड्यांत बनलेलें मत आणि समाजाकडून आयता मिळालेला शेरा हीं दोन्हीं एकत्र आलीं, म्हणजे सर्वांत दुबळ्या मुलावर त्यांचा भार सर्वांत अधिक पडतो.

हा भार पडतो तरी कसा? गुरुजी कोणाला उघड ‘ढ’ म्हणतातच असें नाहीं. तो पडतो बारीकसारीक वागण्यांतून. पाढ्यांचा तास चालू आहे. ‘सात आठे किती?’ असा प्रश्न हुशार समजल्या गेलेल्या मुलाला येतो आणि तो अडखळतो. गुरुजी थांबतात. ‘सात साते किती? एकोणपन्नास ना? मग त्यांत आणखी सात मिळव,’ असें म्हणून त्याला वाट दाखवितात. मुलगा छप्पन्न सांगतो आणि शाबासकी मिळवितो. पुढचा प्रश्न मागच्या बांकावरील मुलाला येतो. तोहि तसाच अडखळतो. ‘बस खालीं. तूं सांग रे,’ असें म्हणून प्रश्न दुसऱ्याकडे जातो. गुरुजींना वाटतें, बिचाऱ्याची फजिती वांचविली. मुलाला कळतें तें निराळेंच : आपल्याकडून उत्तराची अपेक्षाच नव्हती. हें दृश्य दिवसांतून चार वेळां आणि वर्षांतून दोनशें दिवस घडलें, तर एका मुलाला विचार करण्याचे शेंकडों प्रसंग मिळतात आणि दुसऱ्याला खालीं बसण्याचे. वर्षअखेर दोघांच्या गुणांत अंतर पडलें, म्हणजे जूनमधील मत खरें ठरलें असें वाटूं लागतें.

हें केवळ कल्पनेनें रंगविलेलें चित्र नव्हे. जेरे ब्रोफी आणि टॉमस गुड यांनीं पहिल्या इयत्तेच्या वर्गांत बसून बारकाईनें टिपणें केलीं आणि ती हकीकत १९७० सालीं प्रसिद्ध केली. चांगलीं मानलेलीं मुलें चुकलीं कीं शिक्षक प्रश्न सोपा करून पुन्हां विचारीत. कच्चीं मानलेलीं चुकलीं कीं पुढें जात. कच्च्या मुलांचीं बरोबर उत्तरेंसुद्धां तुलनेनें कमी वाखाणलीं जात. मेरी बड रो या विदुषींनीं तर घड्याळ लावून मोजलें. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबत. आणि वर्गांतील वरच्या पांच मुलांना मिळणारा वेळ खालच्या पांच मुलांच्या जवळजवळ दुप्पट असे. ज्याला अधिक वेळ हवा त्यालाच तो कमी मिळत होता! रो यांनीं शिक्षकांना तीन सेकंद थांबण्याची संवय लावली, तेव्हां उत्तरें लांबलीं, गप्प बसणारीं मुलें बोलूं लागलीं, आणि कांहीं मुलांविषयींचें शिक्षकांचें मतहि सुधारलें. मत बदलण्यासाठीं उपदेश लागला नाहीं. दोन सेकंद अधिक लागले.

वागणुकीचीच गोष्ट बैठकीची. रे रिस्ट यांनीं १९७० सालीं अमेरिकेंतील सेंट लुई येथील एका बालवर्गाची हकीकत प्रसिद्ध केली. वर्ग भरूं लागल्यापासून आठव्या दिवशीं बाईंनीं मुलांना तीन मेजांवर कायमचें बसविलें. कोणतीहि परीक्षा झालेली नव्हती. स्वच्छ कपड्यांचीं, नीट बोलणारीं, बऱ्या घरचीं मुलें बाईंच्या जवळच्या मेजावर, बाकींचीं दूर. वर्गांतील सर्व मुलें कृष्णवर्णीय होतीं आणि बाईहि कृष्णवर्णीयच होत्या. तेव्हां हा वर्णद्वेष नव्हे, गरिबीवरचा शेरा होता. दोन वर्षांनीं दुसऱ्या इयत्तेंत पाहिलें, तरी मांडणी बहुतांशीं तीच होती. मात्र आतां तिला मिळालेल्या गुणांचा आधार आला होता. आपल्याकडील मोठ्या शाळांतून गुणांच्या क्रमानें ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ अशा तुकड्या पाडण्याची जी रीत दिसते, ती याच मेजांची मोठी आवृत्ति होय. ‘ड’ तुकडींत कोण बसतें हें मुलांना पहिल्या दिवशींच कळतें. आणि त्या तुकडीवर कोणाला शिकवावयास धाडतात, हें शिक्षकांनाहि कळतें.

महाराष्ट्रांत या शेऱ्याचा इतिहास अमेरिकेहून पुष्कळ जुना आणि कठोर आहे. येथें मूल जन्मतांच त्याच्याविषयींची अपेक्षा ठरलेली असे. भीमराव आंबेडकर साताऱ्याच्या शाळेंत घरून आणलेल्या गोणपाटावर इतर मुलांपासून दूर बसत. पुढें मुंबईस माध्यमिक शाळेंत त्यांना संस्कृत शिकावयाचें होतें. तें नाकारण्यांत आलें आणि फार्सी घेणें भाग पडलें. ज्या भाषेचें द्वार बंद झालें, ती त्यांनीं पुढें स्वतःच्या प्रयत्नानें आत्मसात केली. याच काळांत चर्नी रोडच्या बागेंत वाचीत बसणारा हा विद्यार्थी कृष्णाजी अर्जुन केळुस्कर या शिक्षकांच्या दृष्टीस पडला. केळुस्करांनीं त्याला पुस्तकें पुरविलीं. १९०७ सालीं तो मॅट्रिक झाला, तेव्हां अभिनंदनाच्या सभेंत स्वतः लिहिलेलें बुद्धचरित्र त्याला भेट दिलें. पुढील शिक्षणासाठीं सयाजीराव गायकवाडांचें साह्य मिळावें म्हणून त्यांनींच खटपट केली, आणि १९१३ सालीं बडोदें संस्थानच्या शिष्यवृत्तीवर तो कोलंबिया विद्यापीठांत गेला. विद्यार्थी एकच, शहर एकच. एका बाजूस त्याच्याविषयींची अपेक्षा जातीनें ठरविली होती; दुसऱ्या बाजूस एका शिक्षकानें त्याला वाचतांना पाहून ठरविली.

ते दिवस गेले, असें नागर घरांतून नेहमीं म्हटलें जातें. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांचा २००६ सालीं प्रसिद्ध झालेला प्रयोग या समजुतीस धक्का देतो. उत्तर प्रदेशांतील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवावयास दिले होते. जातीचा उच्चार झाला नाहीं, तेव्हां वरच्या आणि खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांच्या कामगिरींत म्हणण्यासारखें अंतर नव्हतें. सर्वांसमक्ष प्रत्येकाचें नांव, गांव आणि जात वाचून दाखविल्यावर मात्र खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी स्पष्टपणें घसरली. बुद्धि तीच, कोडें तेंच; मध्यें फक्त एक शेरा मोठ्यानें वाचला गेला. रेमा हॅना आणि ली लिंडन यांनीं २०१२ सालीं दुसरी बाजू दाखविली. भारतांतील शिक्षकांकडे तपासावयास दिलेल्या उत्तरपत्रिकांवर त्यांनीं मुलांच्या जाती यदृच्छेनें लिहिल्या होत्या. खालची जात लिहिलेल्या पत्रिकांना किंचित् कमी गुण पडले. आणि विचार करावयास लावणारी गोष्ट ही कीं, हा भेद मुख्यतः त्याच जातींतील परीक्षकांच्या हातून झाला. शेरा ज्याच्यावर मारला जातो, तोहि कालांतरानें त्याच दृष्टीनें पाहूं लागतो.

वऱ्हाडांत याचें सर्वांत बोलकें उदाहरण फासेपारधी समाजाचें. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानें कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारण्याची वाट खुली केली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो कायदा रद्द झाला. पण लोकांच्या मनांतला कायदा रद्द करण्याची तारीख कोणत्याहि राजपत्रांत छापतां येत नाहीं. वर्गांत कोणाची पेन्सिल हरवली, तर नजर प्रथम कोठें वळते, हें पारध्याच्या मुलाला चांगलें ठाऊक असतें. याच समाजांतील मतीन भोसले हे जिल्हा परिषदेच्या शाळेंत शिक्षक होते. ती नोकरी सोडून त्यांनीं २०१२ सालीं अमरावती जिल्ह्यांतीलच मंगरूळ चव्हाळा येथें भीक मागणाऱ्या पारधी मुलांसाठीं आश्रमशाळा काढली आणि तिचें नांव ठेवलें ‘प्रश्नचिन्ह’. एरवीं अशा मुलांपुढें समाज पूर्णविराम मांडतो. येथें दाराशींच प्रश्नचिन्ह आहे. नांवाचें औचित्य यांतच आहे.

जातीइतका उघड नसलेला, परंतु वऱ्हाडांतील जवळजवळ प्रत्येक खेडूत मुलाला भोंवणारा दुसरा एक शेरा भाषेचा आहे. मोर्शीच्या आसपासच्या खेड्यांतील मूल ‘मले समजलं नाई’ असें म्हणतें. वर्गांत हंशा पिकतो. ‘मले नव्हे, मला म्हण,’ अशी दुरुस्ती होते. आणि त्या गडबडींत काय समजलें नाहीं, हा प्रश्न बाजूसच राहतो. दोन-तीनदां असें झालें कीं मूल ‘समजलं नाई’ असें म्हणणेंच सोडून देतें. मग तें गप्प बसतें, आणि गप्प बसणारें मूल मंद समजलें जातें. प्रमाणभाषा शिकविणें हें शाळेचें कर्तव्य आहे, यांत शंका नाहीं. परंतु बोली ही अज्ञानाची खूण मानणें ही निराळी गोष्ट झाली. रिद्धपूर हें महानुभावांचें महास्थान याच मोर्शी तालुक्यांत आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत लीळाचरित्र हा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हाइंभटांच्या हातून सिद्ध झाला, तो याच परिसरांत. सामान्य स्त्रीपुरुषांना कळावें म्हणून संस्कृतऐवजीं मराठींतच लिहा, असा आग्रह नागदेवाचार्यांनीं धरला, अशी त्या पंथाची परंपरा सांगते. २०२४ मध्यें मराठी भाषा विद्यापीठहि रिद्धपुरासच सुरू झालें. ज्या मातींत मराठी गद्य जन्मास आलें, तेथल्याच मुलाला त्याच्या मराठीमुळें मंद ठरवावें, याहून मोठा विपर्यास कोणता? पु. ल. देशपांडे यांनीं बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’चें ‘ती फुलराणी’ हें मराठी रूप रंगभूमीवर आणलें. तें पाहतांना नागर प्रेक्षक फुलवालीच्या बाजूनें टाळ्या वाजवितात. तीच फुलवाली शेजारच्या बांकावर आपल्या मुलीपाशीं बसली, तर मात्र मुलीची भाषा बिघडेल अशी चिंता त्यांना वाटते.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. मूल मागें आहे हें शिक्षकानें ओळखूंच नये काय? सर्वांना सारखें लेखण्याच्या नादांत मागच्या मुलाकडे दुर्लक्ष होणार नाहीं काय? याचें उत्तर आल्फ्रेड बिने यांच्या कार्यांत मिळतें. बुद्धिमापनाची पहिली व्यवहार्य चांचणी या फ्रेंच मानसशास्त्रज्ञांनीं सिमोन यांच्या साह्यानें १९०५ सालीं तयार केली, ती मागें पडलेल्या मुलांना शोधून त्यांना अधिक साह्य देण्यासाठीं. बुद्धि ही न वाढणारी ठेव आहे, हें मत त्यांना मुळींच मान्य नव्हतें. पुढें अमेरिकेंत त्याच चांचणीचा उपयोग माणसांच्या कायमच्या पायऱ्या लावण्याकडे झाला. हत्यार एकच, एकाच्या हातीं तें निदानाचें होतें, दुसऱ्याच्या हातीं डाग देण्याचें झालें.

निदानाचा उपयोग कसा होतो, याचें उदाहरण मुंबईंतच आहे. ‘प्रथम’ या संस्थेनें महापालिकेच्या शाळांत ‘बालसखी’ योजना चालविली. तिसरी-चौथींतील मागें पडलेल्या पंधरा-वीस मुलांना वस्तींतीलच एखादी तरुण मुलगी रोज सुमारें दोन तास वेगळें बसवून वाचन आणि अंकगणित पायापासून शिकवी. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांचे सहकारी यांनीं मुंबई व बडोदें येथें या योजनेची तपासणी केली, ती २००७ सालीं प्रसिद्ध झाली. मुलांचे गुण चांगलेच वाढले, आणि सर्वांत अधिक लाभ तळच्या मुलांना झाला. हीं मुलेंहि वेगळीं बसविलीं होतींच. मग ‘ड’ तुकडींत आणि यांत फरक तो कोणता? येथें मुलाला आज काय येतें तें पाहून शिकवणें बदललें. तेथें शिकवणें तेंच राहून मुलाची जागा तेवढी बदलली.

हा फरक शासकीय शब्दांच्या बाबतींतहि लक्षांत ठेवण्यासारखा आहे. २०१५ मध्यें ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला. एकहि मूल मागें राहूं नये हा त्याचा हेतु स्तुत्य होता. परंतु त्याबरोबरच ‘अप्रगत’ हा शब्द शिक्षकांच्या जिभेवर रुळला, आणि ‘आमच्या वर्गांत पांच अप्रगत आहेत’ अशी भाषा ऐकूं येऊं लागली. दहावीच्या गुणपत्रिकेवरील ‘नापास’ हा शब्द काढून ‘कौशल्य विकासास पात्र’ असे शब्द घालण्याचा निर्णयहि याच दशकांत झाला. कठोर शब्द गेला हें बरें झालें. परंतु ‘ढ’ जाऊन ‘अप्रगत’ आला आणि प्रश्न पूर्वीप्रमाणेंच त्या मुलाला चुकवून पुढें जात राहिला, तर मुलाच्या पदरीं कांहींच पडलें नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमानें मुलाचा शारीरिक आणि मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. अपमान करूं नये एवढें कायदा सांगूं शकतो. तीन सेकंद थांबावें हें तो सांगूं शकत नाहीं. तें शिक्षकानेंच करावयाचें आहे.

करावयाच्या गोष्टी मोठ्या खर्चाच्या नाहींत. पहिल्या पंधरवड्यांत मागील वर्षाच्या शिक्षकाकडून ‘कोण कसा’ याची यादी घेऊं नये. कोणाला काय येतें एवढेंच विचारावें. प्रश्न सर्वांना फिरतीनें जावा, आणि उत्तर अडलें तर मागच्या बांकावरहि तीच पायरी बांधून द्यावी जी पुढच्या बांकावर बांधली जाते. वहींत शेरा लिहितांना मुलाविषयीं न लिहितां कामाविषयीं लिहावें. ‘निष्काळजी’ या शब्दापेक्षां ‘हातचा घेण्यास विसरलास’ हे शब्द अधिक उपयोगी. उत्तरपत्रिका तपासतांना नांव झांकतां आलें तर झांकावें. गट करावयाचे झाले तर ते एका विषयापुरते आणि थोड्या आठवड्यांपुरते करावे, म्हणजे मुलाला वर जाण्याची वाट डोळ्यांपुढें राहते. बोलींत दिलेलें उत्तर बरोबर असेल, तर आधीं ‘बरोबर’ म्हणावें आणि मग प्रमाण रूप सांगावें. हा क्रम उलटूं नये.

घरांतील वडील मंडळींचा वांटाहि यांत कमी नाहीं. शिक्षकाची यादी शाळेंत तयार होते, तशी एक यादी घरोघर तयार असते. ‘धाकटी हुशार, थोरला जरा जडच’, ‘आमच्याकडे गणित कोणालाच आलें नाहीं’, ‘मुलींना भूमिति कशी जमणार’ हीं वाक्यें पाहुण्यांसमोर, मुलाच्या देखत आणि हंसत हंसत बोललीं जातात. बोलणारा तीं विसरतो. ऐकणारें मूल गणिताचें पुस्तक उघडतांना तीं आठवतें, आणि पहिलें उदाहरण अडलें कीं पुस्तक मिटतें. घरानेंच त्याला तशी मुभा दिलेली असते. शिकवणीच्या वर्गाला भरलेली मोठी फी या एका वाक्याची भरपाई करीत नाहीं.

मोर्शीकडील संत्र्याच्या बागायतदाराला एक गोष्ट पुरती ठाऊक असते. संत्र्याचें झाड वर्षांतून एकदांच फुलतें असें नाहीं. आंबिया बहार उन्हाळ्याच्या आरंभीं येतो, मृग बहार पावसाच्या तोंडावर. कोणता बहार धरावयाचा तें ठरवून पाणी तोडणें, ताण देणें आणि पुन्हां पाणी सोडणें हें सारें माळ्याच्या हातीं असतें. मृगाचें झाड आंबियाला फुललें नाहीं म्हणून तें वांझ ठरवून तोडणारा माळी वऱ्हाडांत आढळणार नाहीं. शाळेंतील मूल झाडाहून अधिक गुंतागुंतीचें आहे, आणि त्याचे हंगाम कोणत्याहि पंचांगांत छापलेले नाहींत. तेव्हां त्याच्याविषयीं निकाल देण्यास माळ्याहून अधिक धीर हवा. येत्या जूनमध्यें शाळा उघडतील, वर्गांत पुन्हां चाळीस अनोळखी चेहरे येतील, आणि दोन आठवड्यांत मनाची यादी तयार होऊं लागेल. ती होऊं नये असें म्हणणें व्यर्थ आहे. ती शाईनें न लिहितां पाटीवर लिहावी, आणि दर महिन्यास पुसून पुन्हां लिहावी, एवढें मात्र कोणत्याहि शिक्षकाला आणि कोणत्याहि आईबापांना आजपासून करतां येण्यासारखें आहे.